आरशातली पाटी

"तू जाता जाता मशीन बिघडवून गेला म्हणतेत," बाबूलालने सायकल कुडाला टेकवत सांगितले. "त्र्यंबक सर म्हणाले, असन तसा घेऊन ये त्याले."

चैतराम अंगणात खाटेवर बसून शेजाऱ्याच्या रेडिओचा मागचा पत्रा उघडत होता. पेचकस स्क्रूच्या खाचेत बसत नव्हता. दोनदा निसटला, तिसऱ्यांदा पत्र्यावर ओरखडा पाडून गेला. बाबूलालने ते पाहिले आणि नजर कौलांकडे नेली.

"मी? मी काहून बिघडवन?"

"मले काय विचारतं बावा. सव्वीस पोरायच्या सव्वीस पाट्या वाया गेल्या. काल एकदमच लाइन देली सगळ्यायनं, तं हॉलभर धूर. आयसी जळून काळे. अन् परवा जबलपूरचा परीक्षक येऊन राह्यला. प्राची मॅडम तं रडकुंडीले आली."

चैतरामची बायको जिजाबाई ओल्या हातानेच दारात आली. धूर, पाट्या, परीक्षक यातले काही तिच्या कानात शिरले नव्हते. तिला एवढेच कळले, की तीन महिन्यांनी वैनतीर तंत्रनिकेतनातून माणूस घरी आला आहे.

"परत घेऊन राह्यले काय यायले?"

"पाहू वैनी," बाबूलाल म्हणाला.

तिने पेटीतून पांढरा शर्ट काढला. चैतरामने बाह्या घातल्या आणि तो हनुवटी वर करून उभा राहिला. बटणे तिनेच लावली. एक वर्षापासून तीच लावत होती. आज परक्या माणसासमोर लावावी लागली, तेव्हा दोघांनीही एकमेकांकडे पाहिले नाही.

बाबूलाल पॅडल मारत होता आणि चैतराम मागे कॅरियरवर बसला होता. चढ लागला तसे दोघे उतरले आणि चालू लागले.

"खरं सांग," बाबूलालने आवाज खाली आणला. "काही करून गेलतास काय?"

"तुही शपथ, नाही."

"केलं असन तं बेस केलं म्हणतो मी. आयक. तुले माहीत असनच काय झालं ते. मशीन तुह्याच हातचं आहे. पण गेल्याबरोबर भडाभडा सांगू नको. पयले म्हण, मले कायम करा, मंग सांगतो. परीक्षक परवा हाय. यायची मान आता तुह्या हाती हाय. असा मौका पुन्हा येत नाही, चैतराम."

मान हाती आहे, हे ऐकून चैतरामला स्वतःचा हात आठवला.

तो हात एके काळी साऱ्या तंत्रनिकेतनात नावाजलेला होता. एकोणीस वर्षांपूर्वी त्र्यंबक सरांनी त्याला रेडिओ दुरुस्तीच्या टपरीवरून उचलून प्रयोगशाळेत आणले. पद होते मदतनिसाचे आणि नेमणूक तात्पुरती. ती तात्पुरतीच राहिली. दर वर्षी जूनमध्ये एक कागद यायचा, त्यावर सही केली की वर्ष निघायचे.

काम म्हणाल तर मुलांच्या प्रोजेक्टच्या पाट्या करणे. एका बाजूला तांब्याचा पातळ पत्रा चिकटवलेली पाटी यायची. जिथे तांबे ठेवायचे, तिथे रंगाने रेषा काढायच्या. मग पाटी फेरिक क्लोराइडच्या तपकिरी पाण्यात बुडवून हलवत राहायची. उघडे तांबे पाणी खाऊन टाकते आणि रंगाखालचे उरते. रंग पुसला की तांब्याच्या बारीक वाटा दिसतात, त्यांतून वीज धावते. चैतराम त्या रेषा खारीच्या शेपटीचे केस बांधलेल्या कुंचल्याने काढी. दोन वाटांमध्ये केसाएवढी जागा असली, तरी रंग कधी या वाटेवरून त्या वाटेवर गेला नाही.

त्यात एक मेख होती. चित्र असते वरून पाहिल्यासारखे, म्हणजे सुटे भाग बसवतात त्या बाजूने. तांबे असते खाली. म्हणून तांब्यावर ते उलटे काढावे लागते, डावे उजवीकडे आणि उजवे डावीकडे. नवखा माणूस त्यात हमखास चुकतो. चैतराम सरळ चित्र पुढे ठेवून थेट उलटे काढत जायचा. पोरे म्हणत, "दादा, आपकी आँखों में शीशा लगा है क्या?" तो हसायचा. त्याला कोणी हे शिकवले नव्हते आणि त्यानेही कोणाला शिकवले नव्हते. पायात चप्पल घालताना कुठली डावी, कुठली उजवी हे कोणी सांगतो का?

मोठा भाऊ बिरसा गावाकडच्या तांब्याच्या खाणीत होता. सणाला भेटला की म्हणायचा, "आमी डोंगर फोडून तांबं काढतो, अन् तू पाण्यात इरघळवून टाकतं रे."

मग दोन वर्षांपूर्वी करंगळी हलू लागली. आधी वाटले, थंडी आहे. थंडी गेली, हलणे राहिले. ते बाकीच्या बोटांत आले, मग मनगटात. जिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरने गोळ्या लिहून दिल्या आणि हे कमी होणार नाही, वाढेल, असेही सांगितले. चैतराम सकाळी लवकर येऊन, मनगट टेबलाला दाबून पाट्या काढू लागला. पूर्वी तासाचे काम होते, त्याला अर्धा दिवस लागू लागला. प्रयोगशाळेच्या खिडकीत कान तुटलेला एक कप वेगळा ठेवलेला असे. तो चैतरामचा. वेगळा का, हे एकोणीस वर्षांत त्याने विचारले नाही आणि कोणी सांगितलेही नाही. त्या कपात बाबूलाल आता अर्धाच चहा ओतू लागला. एकदा त्र्यंबक सरांनी ते पाहिले आणि म्हणाले, "बरोबर आहे. अर्धाच देत जा त्याला." म्हणजे सरांनाही ठाऊक होते.

त्याच सुमाराला भंगारात काढलेला एक शाईचा प्रिंटर कोपऱ्यात येऊन पडला. चैतरामच्या मनात आले, माझा हात हलतो, याचे डोके तर सरळ रेषेत फिरते. मग कागदावर कशाला छापायचे? तांब्यावरच छापले तर?

त्या वर्षीचे सगळे रविवार त्यात गेले. प्रिंटरच्या पोटात कागद वळून जातो. पाटी कशी वळणार? त्याने मागची बाजू कापून सरळ वाट केली. पाटी जाड, शाईचे डोके खाली. डोक्याच्या दांड्याखाली वायसर घालून ते उचलले. कागद आला की नाही हे बघणारा एक चिमुकला खटका आत होता. पाटीसाठी ॲल्युमिनियमचा सरकता तवा केला आणि त्या तव्याला खटका फसेल अशी जीभ ठेवली. साधी शाई पाण्यात जाताच धुऊन निघाली. गोंदियाच्या एका दुकानात पाण्याने न जाणारी काळी शाई मिळाली, पण तीही तांब्यावर टिकेना. मग छापलेली पाटी हीटरवर शेकून पाहिली, तेव्हा टिकली. सोळावी पाटी फेरिकमधून निघाली ती अशी, की चैतरामने तिच्यावरून तीनदा बोट फिरवले. त्याच्या तरुण हातानेही एवढी बारीक रेषा ओढली नव्हती.

त्र्यंबक सरांनी ती भिंगाखाली धरली. "चैतराम, तू माणूस आहेस की कोण!" म्हणाले. मग म्हणाले, "यंदा कायम करण्यासाठी समिती येतेय. हेच दाखवू. आणि असं कर, सगळी कृती क्रमाने प्राची मॅडमला सांग. ती लिहून घेईल. कागदावर असलं की तुझी बाजू भक्कम होते."

चैतरामने सांगितले. वायसर किती, शाई कोणती, शेक किती मिनिटे. काही हातचे राखले नाही. प्राची मॅडम नवी होती, हुशार होती. तिने सगळे वहीत सुबक उतरवले.

समितीतले तिघे फेब्रुवारीत आले. चैतरामने त्यांच्यासमोर पाटी सरकवली, बटण दाबले. डोके सर्र सर्र फिरले. तिघे खुर्चीवरून पुढे झुकले. "वाह! ये तो कमाल है!" एकजण म्हणाला. चैतरामने हात पाठीमागे बांधून ठेवले होते.

"अरे, चैतरामलाही चहा द्या," त्र्यंबक सर म्हणाले. आणि त्यांनी ट्रेमधला काठोकाठ भरलेला कप बशीसकट स्वतः उचलून त्याच्यापुढे धरला. तिघे बघत होते. साहेबाने दिलेला चहा कसा नाकारणार? चैतरामने बशी घेतली. कप बशीत टकटक वाजू लागला, तारघरातल्या यंत्रावर एखादी तार यावी तसा. चहा बशीत आला, बशीतून बोटांवर आला, बोटांवरून पांढऱ्या शर्टावर. कप वाजत राहिला.

"कब से है ये?" मधल्याने विचारले.

"दो साल," उत्तर त्र्यंबक सरांनी दिले. "बेचारा. आदमी अच्छा है."

"तो अब बोर्ड हाथ से नहीं बनते?"

"हाथ की ज़रूरत ही नहीं रही, सर. मशीन है. मैडम चला लेती हैं. मेरे मार्गदर्शन में ही बनी है."

मदतनिसाचे पद गरजेचे उरलेले नाही, असे समितीने लिहिले. जूनचा कागद यंदा आला नाही.

दोघे फाटकाशी पोहोचले. तिथे नवा चौकीदार होता, ठेक्यावरचा. त्याने चैतरामला वहीपुढे अडवले.

"नाम? किससे मिलना है?"

"अरे, हा आपलाच हाय," बाबूलाल म्हणाला.

"अपना होगा तो कार्ड होगा."

चैतरामने नाव सांगितले. चौकीदाराने लिहून घेतले.

प्रयोगशाळेत सव्वीस पाट्या टेबलावर मांडल्या होत्या. जळक्या आयसीचा वास अजून होता. दहाबारा मुले भिंतीला टेकून उभी होती. प्रिंटरवर फुलाफुलांचे कापड घातले होते. चैतरामने ते आधी पाहिले. कापड घालायचे त्याच्या कधी मनात आले नव्हते, पण बरे दिसत होते.

"ये," त्र्यंबक सर म्हणाले. बस म्हणाले नाहीत. "मी तुला टपरीवरून उचलून आणलं होतं. आठवतं? त्याचे हे पांग फेडलेस?"

"सर, मी काही केलं नाही."

"वहीत लिहिल्याप्रमाणे मॅडमनी सगळं केलं. एक पायरी चुकली नाही. मग तुझ्या वेळी चालायचं आणि आता का चालत नाही? काय लपवलंस? सरळ सांग. नाहीतर संस्थेच्या मालमत्तेचं नुकसान म्हणून मला कळवावं लागेल."

"दादा, प्लीज," प्राची मॅडम म्हणाली. तिचे डोळे सुजले होते. "परसों एग्ज़ाम है. मी तुमच्याशी काय वाईट केलं?"

चैतराम टेबलाजवळ गेला. पहिली पाटी उचलायला त्याला दोन्ही हात लागले. भिंतीजवळ कोणीतरी खुसखुसले. त्याने पाटी डोळ्यांसमोर धरली, आणि क्षणात त्याला कळले. पाटी फार सुंदर आली होती. रेषा स्वच्छ, वाटा मोकळ्या. फक्त चित्र सरळ होते.

छापायच्या आधी संगणकाच्या पडद्यावर एक बारीक चौकोन येतो. त्यावर टिचकी मारली की चित्र आरशातल्यासारखे उलटते. तो दर वेळी मारायचा. सांगताना त्याने वायसर सांगितले, मिनिटे सांगितली, पण हे सांगितले नाही. लपवले नव्हते. तांब्यावर उलटेच काढायचे असते, हे सांगण्यासारखे काही आहे, असे त्याला वाटलेच नव्हते. मॅडम शिकली होती ते इस्त्रीने कागदावरचे चित्र तांब्यावर उतरवायला. त्यात चित्र उतरताना आपोआप उलटते. या मशीनमध्ये कागदच नव्हता. आठ पायांच्या आयसीला जिथून वीज यायची, तिथून ती बाहेर जाऊ पाहत होती. जळणारच.

दारात बाबूलाल उभा होता. त्याने डोळे मोठे केले आणि मान हळूच हलवली. बोलू नको.

चैतराम पाटी हातात घेऊन उभा राहिला. पाटी थरथरत होती. त्याला जिजाबाईचे ओले हात दिसले, बटणे लावणारे. पयले म्हण, मले कायम करा. तीनच शब्द होते.

"बघा, बघा," त्र्यंबक सर मुलांकडे वळून म्हणाले. "चेहराच सांगतोय. हे लोक असेच. हातात कस नाही आणि मनात विष. पूरे उन्नीस साल मैंने साँप पाला."

"सर," चैतराम म्हणाला, "एकोणीस वर्षांत माही एक पाटी उलटी गेली काय?"

"आता गेल्या ना सव्वीस!"

"त्या माह्या नाहीत."

तो पाटी घेऊन कोपऱ्यातल्या हात धुवायच्या मोरीजवळ गेला. तिथे हाताएवढा आरसा होता. पाटी त्याने आरशासमोर धरली.

"मॅडम, इकडे या. आरशात पाहा, अन् तुमचं चित्र पाहा."

प्राची मॅडम कागद घेऊन आली. एकदा आरशात, एकदा कागदाकडे. तिच्या तोंडून "ओह" एवढेच निघाले. तिने तोंडावर हात ठेवला.

"छापाच्या आधी उलटं करा लागते. तो चौकोन हाय ना, तिथं. तांब्यावर सरळ छापलं का उलटं होते. मी सांगाले पाह्यजे होतं. मले वाटलं, तुमाले माहीत असन."

बाबूलाल दारातून निघून गेला.

एक पाटी लगेच छापली, शेकली, फेरिकमध्ये हलवली. हलवायचे काम चैतरामलाच दिले. त्याचा हात हलतोच आहे, असे म्हणून एक मुलगा हसला आणि बाकीचे हसले. तासाभरात भाग बसवून वीज दिली. पाटीवरचा लाल दिवा उघडझाप करू लागला. मुलांनी टाळ्या वाजवल्या, मॅडमसाठी.

"चला, सुटलो," त्र्यंबक सर म्हणाले. "हे लिहून मशीनवर चिकटवा. पुन्हा भानगड नको. चैतराम, तूच लिही."

चैतरामने पेन घेतले. तो खूप वेळ लिहीत होता. 'ताँबे पर छापने से पहले चित्र उलटा करना।' खाली त्याने नाव लिहिले: चैतराम मेश्राम.

सरांनी कागद दूर धरला, जवळ धरला. "हे काय, मुंगी शाईत बुडवून सोडलीस? कोणाला वाचता येणार? मॅडम, टाइप करा."

ऑफिसचा प्रिंटर कुलपात होता. मग याच मशीनवर छापायचे ठरले. पण याच्या पोटात आता साधा कागद जात नव्हता. मॅडमने दोनदा घातला, दोनदा चुरगळला. शेवटी चैतराम पुढे झाला. एका कोऱ्या पाटीवर त्याने कागद चिकटपट्टीने ताणून बसवला. चारही कोपरे बसायला बराच वेळ लागला. पाटी तव्यावर ठेवली, तवा सरळ आत सरकवला. डोके सर्र सर्र फिरले.

कागद बाहेर आला. प्राची मॅडमने कपाळाला हात लावला. "अरे! ते टिक तसंच राहिलं."

अक्षरे सगळी उलटी होती. मुले मान वाकडी करून वाचू लागली, "कर... ना... ट... छोड़ यार." चैतरामला ते वाचायला काही अडले नाही. त्याने एका नजरेत वाचले. वाक्य त्याचेच होते. खालचे नाव तेवढे नव्हते.

मॅडमने टिक काढून दुसरा छापला. चैतरामने त्यासाठीही कागद ताणून दिला. तो मशीनवर चिकटवला गेला आणि वर फुलाफुलांचे कापड पडले.

"सर," चैतराम म्हणाला, "मंग मी... उद्या येऊ काय?"

"उद्या कशाला?" त्र्यंबक सरांनी घड्याळ पाहिले. मग आवाज मऊ करून म्हणाले, "मी कँटीनमध्ये तुझ्यासाठी शब्द टाकला असता रे. पण तिथे कप उचलायचे असतात."

आता मुले मोकळेपणी हसली. मॅडम खाली पाहत पाट्या गोळा करत राहिली.

टेबलावर उलट्या अक्षरांचा कागद पडला होता. "हा घेऊन जाऊ?" चैतरामने विचारले. कोणी नाही म्हटले नाही.

फाटकावर चौकीदाराने हात आडवा केला. "जेब में क्या है? अंदर का सामान बाहर नहीं जाता."

चैतरामने कागद काढला. घडी उलगडताना तो मधोमध थोडा फाटला. चौकीदाराने घेतला, सरळ धरला, उलटा धरला, उजेडाकडे धरला.

"क्या लिखा है इसमें?"

चैतरामने कागद परत घ्यायला हात पुढे केला.

"कुछ नहीं है," चौकीदार म्हणाला. "रद्दी है. ले जा." आणि वहीत त्याने चैतरामच्या नावापुढे बाहेर गेल्याची खूण केली.

चैतरामने कागदाची पुन्हा घडी घातली आणि खिशात ठेवू लागला. खिशाचे तोंड काही सापडेना. एकदा चुकले, दुसऱ्यांदा चुकले. चौकीदार पेन कानावर ठेवून बघत राहिला.